रॉ फोटोंचे जेपेग करायचेत? मग रॉथेरपी बघाच

रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरचा कच्चा डेटा ठेवणाऱ्या फाईलमध्ये, शूट करणारे बरेच जण फोटो पाठवायची वेळ आली की अडतात, कारण ती एनईएफ (निकॉनची रॉ) नाहीतर सीआर२ (कॅननची रॉ) फाईल समोरच्याच्या फोनवर धड उघडत नाही आणि साईजही अवाढव्य. या कामासाठी मी रॉथेरपी हे रॉ फोटो सुधारून जेपेग करणारं सॉफ्टवेअर वापरते आणि मनापासून सांगते, फुकटात याहून जास्त काय मागणार. ओपन सोर्स आहे, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतं.

नवीन माणूस रॉ उघडतो आणि म्हणतो अरे फोटो फिका का दिसतोय, कॅमेऱ्यात तर मस्त होता. तर कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर जो दिसतो तो रॉ नसतोच, फाईलच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः बनवलेला एक जेपेग असतो तो दिसतो. रॉथेरपीत ५.४ व्हर्जनपासून ऑटो मॅच्ड टोन कर्व्ह नावाची सोय आहे, तो हा आतला जेपेग बघून तसाच उजेड आणि कॉन्ट्रास्ट बसवून देतो. रंग अगदी हुबेहूब येतील असं नाही, पण सुरुवात फार चांगली मिळते.

जे काय सुधारायचं ते जेपेग करायच्या आधीच करा. १४ बिटच्या रॉ मध्ये प्रत्येक पिक्सेलला १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये एकेका रंगाला फक्त २५६. खिडकीसमोर उभ्या माणसाचा फोटो घ्या, चेहरा काळा आणि मागे पांढरं फट्ट. रॉ मध्ये शॅडोज (फोटोतले अंधारे भाग) वर ओढल्या की डोळे, गालावरची सावली सगळं दिसायला लागतं, तेच जेपेगवर केलं की चेहऱ्यावर डाग डाग. व्हाईट बॅलन्सचंही (उजेडाच्या रंगाप्रमाणे पांढरं पांढरंच दाखवणं) तेच.

आता मला सर्वात आवडलेली गोष्ट, क्यू, म्हणजे फोटोंची रांग. एक फोटो नीट करायचा, त्याचं प्रोफाईल (केलेल्या सगळ्या सेटिंग) कॉपी करून त्याच उजेडातल्या बाकी सगळ्यांवर पेस्ट करायचं, सगळे सिलेक्ट करून क्यूमध्ये टाकायचे आणि स्टार्ट करून चहाला जायचं, परत येईपर्यंत त्याचं काम चालूच असतं आणि तयार जेपेग मूळ फोल्डरच्या आत कन्व्हर्टेड नावाच्या फोल्डरमध्ये पडत जातात. मूळ रॉ ला हातही लागत नाही, केलेले बदल शेजारी पीपी३ नावाच्या छोट्या फाईलमध्ये राहतात.

फक्त शेअर करायचं असेल तर रिसाईझ आठवणीने चालू करा, ते आपोआप होत नाही. लांब बाजू २०४८ पिक्सेल आणि क्वालिटी ९० च्या आसपास, फोनवर बघायला भरपूर झालं. आऊटपुट प्रोफाईल (फाईलमधले रंग कसे दाखवायचे ते सांगणारं) एसआरजीबीच, म्हणजे बहुतेक स्क्रीनवर चालणारं, ठेवा, त्यातही नावात आरटीव्ही२ असलेलं घ्या, कारण व्ही४ प्रोफाईल काही जुन्या व्ह्यूअरना कळत नाही आणि रंग चुकीचे दिसू शकतात. प्रिंटला द्यायचं असेल तर मात्र रिसाईझ बंद आणि सबसॅम्पलिंग (जेपेग करताना रंगांची माहिती कमी करणं) बेस्ट क्वालिटीवर, नाहीतर लाल कपड्याच्या कडा धूसर होतात.

खटकतं काय तर स्क्रीन. इतकी टूल्स, इतके टॅब की पहिल्यांदा उघडणारा गांगरतोच, नॉईज रिडक्शनला (फोटोतले दाणे कमी करायला) कुठली पद्धत घ्यायची यावर अर्धा तास जाईल. डाग काढायचं टूल पण खूप उशिरा म्हणजे ५.९ व्हर्जनमध्ये, २०२२ ला आलं. शार्पनिंग बघायचं तर १०० टक्के झूम करूनच बघा, छोट्या प्रिव्ह्यूवर भरवसा ठेवू नका. फोनवर हे मिळत नाही, आणि फोटोंची मोठी लायब्ररी सांभाळायला डार्कटेबल हे दुसरं फुकट सॉफ्टवेअर जास्त सोयीचं.

कधीमधी एखादाच फोटो पाठवणाऱ्याने कॅमेरा रॉ प्लस जेपेगवर (दोन्ही फाईली एकदम सेव्ह होतात) ठेवावा, काम झालं. पण एका बैठकीत ढीगभर रॉ काढणाऱ्यांनी हे शिकून घ्याच, आणि बॅकअप घेताना रॉ सोबत त्या पीपी३ फाईली पण उचला.