व्हिक्टोरिया की टांगानिका: पसारा एकाचा, पाणी दुसऱ्याचं

नकाशावर पाहिलं तर पूर्व आफ्रिकेतलं मोठं सरोवर म्हणजे व्हिक्टोरिया. क्षेत्रफळ सुमारे 68,800 चौ. किमी, म्हणजे तिथल्याच टांगानिका सरोवराच्या दुप्पट. पण खोली? जेमतेम 80 मीटर. टांगानिका 1,470 मीटर खोल आहे, त्यामुळे त्यात व्हिक्टोरियाच्या साधारण सातपट पाणी मावतं. नुसता पसारा बघून सरोवर जोखू नये ते यासाठी.

फरक मुळातच आहे. टांगानिका खचदरीच्या पश्चिम फाट्यात बसलंय: जमीन ताणली गेली, मधला पट्टा खचला आणि 670 किमी लांब, सरासरी 50 किमी रुंद अशी चीर पाण्याने भरली. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 773 मीटर उंच, तळ मात्र समुद्रसपाटीच्याही जवळपास 700 मीटर खाली! व्हिक्टोरिया खचदरीत नाहीच. खचदरीच्या पूर्व आणि पश्चिम फाट्यांमधल्या पठारावरची ती उथळ बशी. सुमारे 15,000 वर्षांपूर्वी ती चक्क कोरडी पडली होती. तिचं बहुतेक पाणी थेट पावसाचं, म्हणून पाऊस हुकला की पातळी लगेच हलते.

टांगानिकाची अडचण वेगळी. वरचं ऊबदार, हलकं पाणी खालच्या थंड, जड पाण्यात मिसळत नाही. साधारण 100 ते 200 मीटरखाली प्राणवायू संपतो, मासे वरच्याच थरात.

व्हिक्टोरियाचं पाणी युगांडातल्या जिंजापाशी नाईलला मिळतं, टांगानिकाचं लुकुगा नदीमार्गे काँगो नदीला.