यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल: ऑइल पंप ठेवावा की पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं?

"भिया, पंप निकालो, सीधा टंकी में ऑइल डालो, टेन्शन खतम." जुनी आरएक्स १०० दुरुस्तीला नेली की इंदुरात हा सल्ला कानावर पडतोच. तो वाईट हेतूनं दिलेला नसतो. जुन्या मिस्त्रींचा हात राजदूत, येझदी आणि टू-स्ट्रोक चेतकवर बसलेला. त्या गाड्यांत ऑइल पेट्रोलबरोबरच टाकीत पडायचं, आणि पेट्रोल पंपावरच्या माणसाला "टू-टी" (टू-स्ट्रोकचं ऑइल) म्हटलं की तो मापानं ओतून द्यायचा. आरएक्स १०० मात्र १९८५ साली आली तीच वेगळी ऑइल टाकी आणि वेगळा ऑइल पंप घेऊन, आणि १९९६ साली बंद होईपर्यंत तशीच राहिली. यामाहाची ही ऑटोल्यूब पद्धत १९६४ पासूनची, म्हणजे भारतात आली तेव्हा चांगली मुरलेली होती.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पंप चालू असेल तर तो काढू नका. बंद असेल, किंवा चालू आहे की नाही हेच कळत नसेल, तर तपासून होईपर्यंत पेट्रोलमध्ये मिसळून चालवा. ज्यांना कायमचंच मिसळायचं आहे त्यांच्यासाठीही पुढे लिहिलं आहे, पण त्यांनी घाटाबद्दलचा भाग सोडू नये.

टू-स्ट्रोक इंजिनाच्या पोटात फोर-स्ट्रोकसारखा ऑइलचा साठा नसतो. खाली जे ऑइल असतं ते गिअरबॉक्स आणि क्लचचं. पिस्टन, क्रँक आणि त्यांच्या बेअरिंगांपर्यंत ते पोचत नाही. त्यांना जे काही मिळायचं ते हवा-पेट्रोलच्या वाटेनंच मिळतं, आणि काम झालं की जळून सायलेन्सरमधून बाहेर जातं. प्रश्न इतकाच की ते त्या वाटेवर घालायचं कुणी: पंपानं, की पेट्रोल भरताना तुम्ही.

पंप दोन गोष्टी बघून ऑइल देतो. तो इंजिनावरच फिरतो, त्यामुळे इंजिन जितकं पळेल तितके त्याचे फेरे. शिवाय रेसच्या केबलचा एक फाटा कार्ब्युरेटरकडे आणि दुसरा पंपाच्या पुलीकडे जातो, त्यामुळे रेस जितकी पिळाल तितकी प्रत्येक फेऱ्याची मात्रा वाढते. सिग्नलला उभे असाल तेव्हा थेंब थेंब, बायपासवर पूर्ण रेस दिलीत की भरपूर. मिसळलेल्या पेट्रोलला ही समज नाही. एका लिटरला २५ मिली घातलं, म्हणजे चाळिसाला एक, तर पलासियाच्या सिग्नलवर तेच प्रमाण आणि देवास नाक्यापुढे मोकळ्या रस्त्यावरही तेच. म्हणून मिसळलेली गाडी गर्दीत जास्त धुरकट चालते, प्लग लवकर काळा होतो आणि सायलेन्सरच्या आतली जाळी काजळीनं भरते. शहरातच फिरणाऱ्याला हा फरक आठवडाभरात नाकाला कळतो.

आता घाट. ओंकारेश्वरला जाताना सिमरोलपुढे भेरूघाट लागतो. उतारावर तुम्ही रेस पूर्ण सोडता आणि गिअरमध्ये गाडी रोखून धरता. चाक इंजिनाला फिरवत असतं, इंजिनाचे फेरे वाढलेले असतात, पण कार्ब्युरेटर जवळजवळ बंद. पेट्रोल येत नाही म्हणजे त्यात मिसळलेलं ऑइलही येत नाही, आणि पिस्टन मात्र तापलेल्या सिलिंडरमध्ये भराभर खालीवर होत असतो. टू-स्ट्रोक सीझ होण्याची, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसण्याची, ही जुनी, ठरलेली जागा. पंप असेल तर रेस बंद असतानाही इंजिनाच्या फेऱ्यांप्रमाणे त्याची किमान मात्रा चालूच राहते. लोक आयुष्यभर चेतक घेऊन घाट उतरले, कबूल; पण ते इंजिन संथ होतं आणि आरएक्सचं जास्त फेऱ्यांवर पळणारं आहे. मिसळूनच चालवायचं असेल तर उतारावर मधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्या, इंजिनाला घोटभर मिळू द्या.

पंपाच्या विरोधातलं म्हणणंही खोटं नाही. पंप फसला तर सांगत नाही. ऑइल टाकी रिकामी झाली, नळीत हवेचा बुडबुडा अडकला, किंवा कुणी केबल बदलताना पंपाचा फाटा ढिला सोडला, तरी गाडी छान पळत राहते. उलट धूर कमी झाला म्हणून मालक खूश असतो. पंपाचं सील गेलं असेल तर उलटं होतं: उभ्या गाडीत ऑइल झिरपून इंजिनात जातं आणि सकाळी किक मारताच गल्लीभर धूर. वर डुप्लिकेट सुट्या भागांचा सुळसुळाट आहे, त्यामुळे "नवीन पंप टाकला" म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही.

पण तपासणं अवघड नाही. आधी टाकीतल्या पेट्रोलमध्ये लिटरला २५ मिली ऑइल मिसळून घ्या, म्हणजे पंप बंद निघाला तरी इंजिन सुरक्षित. गाडी संथ चालू ठेवा आणि पंपाकडून इनटेककडे (हवा-पेट्रोल आत जाण्याच्या वाटेकडे) जाणारी बारीक पारदर्शक नळी बघा. मग पंपाची पुली बोटानं पूर्ण फिरवून धरा, रेस न वाढवता. पंप जिवंत असेल तर नळीतले बुडबुडे पुढे सरकतात आणि थोड्या वेळात सायलेन्सरचा धूर दाट होतो. काहीच झालं नाही तर आधी पंपाचा हवा काढायचा स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत ऑइल वाहू द्या, आणि पुन्हा बघा. शेवटी केबल: ढिलेपणा काढल्यावर पुलीवरची खूण पिनेसमोर यायला हवी. ऑइल टाकीवर बाहेरून चिकटपट्टी लावून पातळी खूण करा. शंभरेक किलोमीटरनं ती उतरलीच नसेल तर पंपावर भरवसा ठेवू नका.

काढायचाच ठरला तर नीट काढा. मी पाहिलेल्या एका गाडीत इनटेककडची ऑइलची नळी अर्ध्यात कापून तिच्यात खिळा ठोकला होता आणि वर तार गुंडाळली होती. तिथून हवा ओढली गेली की मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन तापतं, आणि दोष मिसळलेल्या ऑइलवर जातो. तोंड घट्ट बंद करा आणि पंपाच्या जागी गॅस्केटसह पत्रा बसवा. प्लगचा रंगही बघा: ऑइल जिथे आलं तिथे तितकं पेट्रोल कमी आलं, त्यामुळे मिश्रण किंचित पातळ होतं, आणि कधी कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) एक नंबर वाढवावा लागतो.

आता इथेनॉल. पंपावर मिळणारं पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी फार झालं तर ते इथेनॉलसकट पेट्रोलपासून सुटून टाकीच्या तळाशी बसतं. टू-टी ऑइल राहतं वरच्या पेट्रोलमध्ये, आणि टाकीचा कॉक ओढतो तळातून. पावसाळाभर झाकून ठेवलेली मिसळलेली गाडी काढलीत तर पहिल्या घोटात ऑइल नसण्याची शक्यता आहे. रविवारपुरती गाडी काढणाऱ्याला म्हणूनच पंप बरा. तोच मिसळून चालवत असेल तर टाकी भरून गाडी उभी करू नये.

ऑइल कोणतं, यावर फार वेळ घालवत नाही. सीलबंद बाटली घ्या, तिच्यावर जासो या जपानी मानकाचा एफसी किंवा एफडी दर्जा लिहिलेला असावा. एफडीनं काजळी कमी धरते. फोर-स्ट्रोकचं ऑइल नको, एरंडेलाचं रेसिंग ऑइल रोजच्या गाडीला नको, आणि बोटींच्या इंजिनासाठीचं टीसी-डब्ल्यू३ तर हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाला नकोच.

आणखी एक सावधगिरी: इंटरनेटवर "आरएक्स प्रीमिक्स" (म्हणजे पेट्रोलमध्ये आधीच ऑइल मिसळणं) शोधलं की माझ्दाच्या आरएक्स-७ आणि आरएक्स-८ या मोटारींचे सल्ले समोर येतात. त्या रोटरी इंजिनाच्या, म्हणजे पिस्टनऐवजी फिरणारा रोटर असलेल्या. तिथेही हाच वाद आहे, पण गणित वेगळं. रोटरीचा मुख्य शाफ्ट आणि त्याची बेअरिंगं संपमधल्या (इंजिनाच्या तळच्या साठ्यातल्या) ऑइलवर, दाबानं चालतात. पेट्रोलबरोबर येणारं ऑइल फक्त रोटरच्या टोकांवरच्या सीलसाठी असतं. कंपनीनं त्यासाठी छोटा पंप दिला आहे, जो संपमधलंच ऑइल थोडं थोडं आत सोडतो. ते ऑइल जळण्यासाठी बनलेलं नसतं, मागे राख ठेवतं, म्हणून तिथले हौशी लोक पंप चालू ठेवून वर लिटरला चार ते आठ मिली टू-टी घालतात. काही जण पंपाला वेगळी टाकी जोडून त्यालाच टू-टी पाजतात. पर्याय चांगला आहे, फक्त दोन टाक्यांकडे लक्ष हवं. हे आठ मिली म्हणजे साधारण १२५ ला एक. तेच प्रमाण पंप काढलेल्या आरएक्स १०० मध्ये घातलंत तर क्रँकच्या बेअरिंगांना जवळजवळ उपाशी ठेवलंत. रोटरीतही सगळा भार पेट्रोलमधल्या ऑइलवर टाकणारी गाडी होऊन गेली आहे: १९७४ ची जर्मन हर्क्युलिस डब्ल्यू-२००० मोटरसायकल. तिलाही पुढे ऑइल पंप मिळालाच.

मग कुणी काय करावं? रोज राजेंद्र नगरहून विजयनगरला जाणाऱ्यानं पंप ठेवावा. इंजिन नुकतंच बोअर करून नवा पिस्टन टाकला असेल तर पहिली टाकी दोन्ही: पंपही चालू आणि पेट्रोलमध्येही लिटरला दहा-पंधरा मिली, धूर येईल, येऊ द्या. कार्ब्युरेटर बदलून, पोर्ट घासून गाडी पळवणाऱ्यांना मात्र मिसळण्याशिवाय फारसा पर्याय नसतो, त्यांच्या केबलचा आणि पंपाचा मेळच राहिलेला नसतो. त्यांनी लिटरला तीस मिलीपर्यंत जावं.

मिसळणाऱ्यांनी एक सवय बदलायची: दोनशे रुपयांचं भरायचं नाही, लिटरमध्ये भरायचं. पाच लिटरला सव्वाशे मिली, आधी ऑइल ओतायचं आणि वरून पेट्रोल, म्हणजे धारेनं ते ढवळलं जातं. मापाची लहान बाटली गाडीतच राहू द्या. आणि टाकीच्या झाकणाजवळ ठळक लिहून ठेवा, "ऑइल मिसळून". कॉलेजातला धाकटा भाऊ किंवा एखादा मित्र चावी मागून नेतो, वाटेत साधं पेट्रोल भरतो, आणि महू ओलांडण्याआधीच फोन येतो की गाडी चालता चालता बंद पडली, किक खाली जात नाही.