दोन कंपन्यांची स्मार्ट कार्डं, आठ महिन्यांनंतर

लॉगिन आणि डिजिटल सहीसाठी आठ महिने दोन वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं वापरतोय. दोन्हींच्या माहितीपत्रकावर ‘आयएसओ ७८१६’ छापलंय, म्हणजे स्मार्ट कार्डांचं आंतरराष्ट्रीय प्रमाण. ते खोटं नाही. तेवढ्यावर विसंबून कार्डं घेतली, ही चूक माझी.

रीडरबद्दल तक्रार नाही. दोन्ही सीसीआयडीवाले (यूएसबी कार्ड रीडरचं सामायिक प्रमाण), यूएसबीला लावले की चालू. वरच्या सॉफ्टवेअरशी पीसी/एससी, म्हणजे रीडर आणि प्रोग्रॅम यांच्यातला ठरलेला दुवा, बोलतं, त्यामुळे रीडर कुणाचा याने फरक पडत नाही.

अडलं ते पिनवर. पहिल्या कार्डाला पिन आठ बाइटचा लागतो, कमी पडला तर उरलेली जागा ‘एफएफ’ने (बाइटची सर्वांत मोठी किंमत) भरायची. दुसऱ्याला तिथे शून्यं हवीत. पिन तपासायची आज्ञा आयएसओच्या प्रमाणात ठरलेली आहे, पण आत पिन कसा मांडायचा हे कार्डवाल्यावर सोडलंय. पहिल्या कार्डासाठी लिहिलेली स्क्रिप्ट मी दुसऱ्यावर चालवली. पिन चुकीचा! सावकाश, एकेक आकडा बघत पुन्हा टाकला. तेच. मग लॉग उघडला, तर उत्तर ६३सी१. त्यातला शेवटचा आकडा म्हणजे उरलेल्या संधी. पोटात गोळाच आला. पिन दोन्ही वेळा बरोबर होता हो!

दुसरा वैताग एटीआरचा, म्हणजे वीज मिळताच कार्ड जी ओळख पाठवतं तिचा. त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं बदली कार्ड आलं, फक्त एटीआरमधले दोन बाइट वेगळे. मिडलवेअरने, म्हणजे कार्ड आणि प्रोग्रॅम यांच्या मधल्या सॉफ्टवेअरने, त्याला ओळखच दाखवली नाही. अपडेट येईपर्यंत तीन आठवडे कार्ड खणात पडून.

२०४८ बिटची आरएसए (डिजिटल सहीची एक पद्धत) सही २५६ बाइटची, एका उत्तरात मावते. ४०९६ ची ५१२ होते, आणि एक रीडर मोठी उत्तरं घेत नाही. तिथे ती तुकड्यांनी मागावी लागते. जमतं, पण वेळ खातं.

गेल्या महिन्यात तिसरं कार्ड घेतलं, पीआयव्हीचं. सरकारी ओळखपत्रांसाठीचं हे प्रमाण अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाणं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचं, २००५ चं. त्यात पिन कसा भरायचा, लॉगिनची किल्ली कार्डातल्या ९ए या जागेत आणि सहीची ९सी मध्ये, इथपर्यंत सगळं लिहून ठेवलंय. दोन्ही मशीनवर कंपनीचं काहीही न टाकता चाललं. किल्ल्या बनवायला मात्र अजून कंपनीचंच टूल लागतं, आणि ते एकाच ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं. त्यासाठी जुना लॅपटॉप ठेवलाय.