किंग्ज सर्कलचं जुन्या पुस्तकांचं दुकान, माल भारी पण पानं मोजून घ्या

माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत त्यातलं एक, नाव टाकत नाही कारण परत जायचंय तिकडे. इंजिनिअरिंगच्या गाईडांच्या गठ्ठ्याखाली क्युबाच्या १९६१ च्या साक्षरता मोहिमेवरचं जाडजूड पुस्तक सापडलं, ३५० सांगितले, घासाघीस करून २२० ला सुटलं.

पुस्तक पैसावसूल. क्रांतीला जेमतेम दोन वर्षं झालेली आणि लाखभर शाळकरी पोरंपोरी कंदील नि झोळी घेऊन खेड्यापाड्यात गेली, दिवसा लोकांबरोबर शेतात राबायचं आणि रात्री शिकवायचं, वर्षअखेर सरकारी आकड्यानुसार सात लाखांवर माणसं शिकली, निरक्षरता २३ टक्क्यांवरून ३.९ वर. शेवटची परीक्षा काय, तर फिडेल कॅस्ट्रोला पत्र लिहायचं! मला सगळ्यात आवडलं ते त्यांचं अंकलिपीसारखं पुस्तक. पहिला धडा 'ओ-ई-ए', स्पॅनिश आद्याक्षरं, म्हणजे अमेरिकी राष्ट्रांची संघटना, जिच्याशी सरकारचं तेव्हा वाकडं, आणि तीन स्वर पण तिथेच शिकून होतात. दुसरा धडा जमीन सुधारणेच्या खात्यावर. प्रचार आहे का, तर आहेच, सरळसरळ. रशियात पण क्रांतीनंतर प्रौढांच्या पुस्तकात 'आम्ही गुलाम नाही'च होतं.

पण मला आजी आठवली. ती गिरणीत वाइंडिंग खात्यात होती, पगाराला अंगठा लावायची, मग लालबागच्या चाळीत रात्रीच्या वर्गाला जायला लागली. तिथे 'अ अननसाचा'. साताऱ्याकडची बाई, अननस कुठे बघितलाय तिने! ती म्हणायची मला 'प' पगाराचा शिकवा आधी. क्युबावाल्यांना हे बरोबर कळलेलं, ज्याच्या पोटाशी जो शब्द त्यावरून अक्षर, फक्त शब्द कोणता ते त्यांनी स्वतःच ठरवलं, आजीला विचारलं असतं तर तिने वेगळाच सांगितला असता.

आता तक्रार. निकाराग्वाच्या १९८० च्या मोहिमेचं प्रकरण उघडलं तर मधली १६ पानं गायब. परत गेलो तर काका म्हणे, "जुनं पुस्तक आहे साहेब, बघून घ्यायचं ना." वाचून आणलं की अर्ध्या किमतीत परत घेतो असं आधी म्हणाले होते, आता ६० रुपये देतो म्हणे, मग दिलंच नाही. पावसाळ्यात जाऊ नका, ताडपत्रीखाली काही दिसत नाही. ५ पैकी साडेतीन.