मिवानची भिंत, चिऱ्याचं घर आणि १८ व्होल्टचा सेट : आठ महिन्यांनंतर

पाडव्याच्या आठवड्यात बोहरी आळीतून कॉर्डलेस टूल्सचा सेट आणला आणि आता दिवाळी होऊन गेली. एवढ्या काळात तो पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये चालला, कुडाळजवळच्या सासरच्या घरी चालला, मे महिन्याच्या उकाड्यात आणि गणपतीच्या पावसातही चालला. घेताना मी जे पाहिलं त्यातलं निम्मं निरुपयोगी होतं आणि जे पाहायला हवं होतं ते मला कोणी सांगितलंच नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी सेट सांगते. हॅमर मोड असलेलं ड्रिल, स्क्रू फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, २ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या, चार्जर आणि पेटी. दोन्ही मशीन ब्रशलेस, म्हणजे मोटरमधले कार्बन ब्रश झिजायची भानगड नाही. किंमत साडेसोळा हजार. कंपनीचं नाव देत नाही, कारण खाली लिहिलंय ते या वर्गातल्या कुठल्याही चांगल्या कंपनीच्या सेटला लागू पडेल.

पहिल्याच रविवारी देव्हाऱ्याची फळी लावायला घेतली. हॉलची भिंत, चार भोकं, ६ एमएमचा बिट, हॅमर मोड. सुरुवातीला पुट्टीचा पांढरा भुगा पडला, मग थोडं राखाडी पीठ, आणि मग काहीच नाही. दहा मिनिटं खांद्याने रेटून धरलं तरी बिट जेमतेम सेंटिमीटरभर आत गेला. बाहेर काढला तर टोक निळं पडलेलं, हाताला चटका बसेल इतकं तापलेलं, आणि नवीकोरी बॅटरी शेवटच्या दिव्यावर आलेली. मशीनच खराब निघालं अशी माझी खात्री झाली. दुसऱ्या दिवशी पेटी उचलून पुन्हा दुकानात.

दुकानदारकाकांनी मशीन हातात घेतलं, एकदा फिरवून पाहिलं आणि विचारलं, "ताई, बिल्डिंग नवी आहे का? मिवानची?"

मला तो शब्द फक्त बिल्डरच्या माहितीपत्रकातून माहीत होता. काकांनी समजावलं ते असं. जुन्या पद्धतीच्या इमारतीत कॉलम आणि बीम काँक्रीटचे असतात, मधल्या भिंती विटांच्या किंवा एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, ब्लॉकच्या. मिवान पद्धतीत अ‍ॅल्युमिनियमचे साचे उभे करून भिंती आणि स्लॅब एकत्रच ओततात. वीट नाही, गिलाव्याचा जाड थर नाही, जवळपास सगळं घरच आरसीसी. अशा भिंतीला माझ्या ड्रिलचा हॅमर पुरणार नव्हताच.

कारण साधं हॅमर ड्रिल आणि रोटरी हॅमर या दोन्ही मशीनला आपण 'हॅमर'च म्हणतो, पण आतली रचना वेगळी असते. साध्या हॅमर ड्रिलमध्ये दातेरी चकत्या एकमेकींवर घासतात आणि बिट पकडणारं चक केसभर मागेपुढे थरथरतं. त्या थरथरीमागचा जोर तुमच्या खांद्याचा. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन असतो, तो हवेच्या उशीतून आतला ठोकळा पुढे फेकतो आणि तो ठोकळा बिटच्या बुडावर आदळतो. तिथे दाबायचं नसतं, फक्त सरळ धरायचं. त्यासाठी बिटही वेगळे, मागच्या बाजूला खाचा असलेले एसडीएस प्लस, म्हणजे मार बसताना बिट चकमध्ये थोडा सरकू शकतो. काकांनी दिवसाच्या भाड्यावर वायरचा रोटरी हॅमर दिला. ज्या भोकाशी मी दहा मिनिटं झगडले होते ते अर्ध्या मिनिटाच्या आत पुरं झालं. ४० एमएम खोल, तोंड गोल, आणि स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची गिट्टी हातोडीच्या दोन ठोक्यांत घट्ट बसली.

म्हणून सेट घ्यायच्या आधी भिंत ओळखा. बोटाच्या पेरांनी ठोका. विटेच्या भिंतीचा आवाज आणि काँक्रीटचा आवाज दोन-तीन ठिकाणी ठोकून पाहिलं की कळतो. तरी शंका राहिली तर कपाटामागे एक छोटं भोक पाडून भुगा बघा. लाल भुगा आला तर वीट आहे, साधं हॅमर ड्रिल मजेत चालेल. पांढरट, हलका, रवाळ भुगा भराभर पडला तर एएसी ब्लॉक, तिथे हॅमर बंदच ठेवा, नाहीतर भोक मोठं होतं. राखाडी पीठ आलं आणि बिट अडला तर रोटरी हॅमरशिवाय इलाज नाही. अडलेल्या जागी बिटखाली लोखंडासारखं चकाकलं तर तिथेच थांबा, सळई आहे. दोन इंच बाजूला सरका, सळई कापायची नाही.

आणि ही मशीन भिंतीला लावण्याआधी स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडायचं नाही हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. वायरिंगचे पाइप बहुधा तिथूनच गेलेले असतात.

मग कॉर्डलेस सेटचा उपयोग काय? माझ्या मते कॉर्डलेसचं खरं काम भोकं पाडणं नाहीच, स्क्रू लावणं आणि काढणं हे आहे. घरात भिंतीला भोक वर्षातून दहा-पंधरा वेळा पडत असेल. स्क्रू मात्र रोज कुठे ना कुठे ढिला असतो. स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या बिजागऱ्या, ट्रॉलीचे चॅनल, मच्छरदाणीच्या जाळीची चौकट, मुलीच्या टेबलाचे पाय, पडद्याचे ब्रॅकेट. पूर्वी या एकेका कामासाठी कोणाला तरी फोन करायचा आणि तो येईल त्या दिवसाची वाट पाहायची. आता चहा उकळेपर्यंत काम होतं.

इथे ड्रिलवरची आकड्यांची रिंग सगळ्यात मोलाची. तिला क्लच म्हणतात. पार्टिकल बोर्डच्या कपाटाला बिजागरी लावताना ती तीन किंवा चारवर ठेवायची. स्क्रू बसला की मशीन कटकट असा आवाज करतं आणि पुढे फिरत नाही. तो आवाज ओळखीचा होईपर्यंत मी दोन भोकं वाया घालवली. रिंग ड्रिलच्या खुणेवर राहिली होती, स्क्रू फिरतच राहिला आणि आतला भुसा सैल झाला. मग काडेपेटीच्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून त्या भोकात ठोकल्या, रात्रभर वाळू दिल्या आणि सकाळी पुन्हा स्क्रू लावला. अजून पक्का आहे.

इम्पॅक्ट ड्रायव्हरला असा क्लच नसतो. तो स्क्रू अडला की आडवे ठोके मारत फिरवतो. लाकडात तीन इंची स्क्रू साबणात चाकू जावा तसा जातो, आणि गंजलेला, वर्षानुवर्षं हललेला नाही असा स्क्रूही सुटतो. पण नाजूक कामाला तो नको, हे मी कुडाळला शिकले.

सासरचं घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, दारं फणसाच्या लाकडाची, बिजागऱ्या पितळेच्या. माजघराचं दार घासत होतं म्हणून मे महिन्यात बिजागरी बदलायला घेतली. नवा पितळेचा स्क्रू, हातात इम्पॅक्ट ड्रायव्हर. टर्र टर्र झालं आणि स्क्रूचं डोकं तुटून खाली पडलं, बाकीचा स्क्रू लाकडात तसाच. पलीकडच्या वाडीतले सुतारकाका नेमके पडवीत बसले होते. उठून आले, भोक पाहिलं आणि म्हणाले, "बाय, पितळ आसा ता. मशीन नको, हातान फिरव." मग त्यांनी दाखवलं ते असं. आधी बारीक बिटने सरळ भोक पाडायचं. त्यात त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा आत घालून बाहेर काढायचा, म्हणजे लाकडात आटे पडतात. मग पितळेच्या स्क्रूला अंगाच्या साबणाची वडी घासायची आणि तो पेचकसने हातानेच बसवायचा. पुढचे अकरा स्क्रू असेच लावले. एकही तुटला नाही. दार आता एका बोटाने लागतं.

चिऱ्याच्या भिंतीचं तंत्रही वेगळं. जांभा मऊ असतो आणि आत पोकळ्या असतात. हॅमर लावला की भोकाचं तोंड फुलासारखं उमलतं आणि गिट्टी आत गरगरते. हॅमर बंद, वेग कमी, आणि गिट्टी नेहमीपेक्षा लांब घ्या. जिथे पोकळी लागली तिथे मी सिमेंट कालवून भरलं आणि दुसऱ्या दिवशी भोक पाडलं. या घरात हा सेट पुण्यापेक्षा जास्त कामाचा ठरला. पावसात तिथे वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि मागच्या खोल्यांत प्लगच नाहीत. गणपतीच्या आदल्या संध्याकाळी वीज गेलेली, गणपतीच्या वर फळं टांगायच्या माटवीची जुनी चौकट एका बाजूने सुटलेली. ड्रिलच्या पुढच्या छोट्या दिव्यात दिराने चौकट धरली, मी चार नवे स्क्रू मारले आणि त्यावर नारळ, सुपारीचे घड, कवंडळं चढली. त्या पंधरा मिनिटांत मला साडेसोळा हजारांचं समाधान मिळालं.

आता बॅटरीबद्दल, कारण फसगत इथेच होते. पेटीवर १८ लिहिलेलं असो, २० मॅक्स असो की २१, आत पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट धरला तर पाचांचे १८, भरगच्च चार्ज झालेला ४.२ धरला तर २१. वस्तू तीच. ऑनलाइन ४८ किंवा ८८ व्हीएफ असे आकडे छापलेले स्वस्त सेट दिसतात. शेजाऱ्यांकडची अशी एक बंद पडलेली बॅटरी आम्ही उघडून पाहिली, आत पाचच सेल होते. त्या आकड्याकडे बघून पैसे देऊ नका.

दुसरं म्हणजे, तुम्ही मशीन घेत नसता, बॅटरीचं घराणं घेत असता. पुढचं प्रत्येक मशीन त्याच बॅटरीवर चालणारं, नुसतं, बॅटरीविना घेतलं तर बरंच स्वस्त पडतं. म्हणून पहिला सेट घेतानाच पुढे काय लागेल ते त्या घराण्यात आहे का हे पाहा. एकाच कंपनीतही घराणी वेगळी असू शकतात. बॉशच्या निळ्या मशीनची १८ व्होल्टची बॅटरी त्यांच्याच हिरव्या मशीनला बसत नाही. मी ऑगस्टमध्ये जिगसॉ तसाच नुसता घेतला. १२ एमएमच्या प्लायच्या फळ्या त्याने छान कापल्या. साध्या पात्याचे दात वरच्या दिशेने कापतात, त्यामुळे सनमायकाची बाजू खाली ठेवायची, एवढं लक्षात ठेवलं की कडा फुटत नाहीत. धातू-फरशी कापायचा अँगल ग्राइंडर घेतला नाही. घरात त्याचं काम क्वचित निघतं, तो बॅटरी भराभर खातो आणि तापलेल्या चकतीची मला अजून भीती वाटते.

मोठी ४ अँपिअर-अवरची बॅटरी घ्या असं बरेच जण सांगतात. घरासाठी गरज नाही. २ च्या दोन पुरतात, एक चालू असताना दुसरी चार्जरवर. वजनाचा विचार जास्त महत्त्वाचा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर माझं ड्रिल बॅटरीसकट १.६ किलो भरलं. स्टुलावर उभं राहून डोक्यावर हात करून पडद्याचे सहा ब्रॅकेट लावले त्या दिवशी मनगट रात्रभर ठणकलं. तुमची भिंत मिवानची असेल, म्हणजे भोकांसाठी वेगळा हॅमर लागणारच असेल, तर १२ व्होल्टचा छोटा सेट घ्या असं मी आज कोणालाही सांगेन. तो हाताला हलका असतो आणि स्क्रूच्या कामाला पुरून उरतो. वीट किंवा ब्लॉकची भिंत असेल किंवा गावाकडे लाकूडकाम असेल तर मात्र १८ व्होल्टच.

उन्हाळ्यात काम संपल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जरला लावली की लाल दिवा लुकलुकत राहायचा. बिघाड नव्हता, चार्जर ती थंड व्हायची वाट पाहत होता. आता अर्धा तास फरशीवर ठेवते आणि मग लावते. जुलैमध्ये कोकणात ठेवलेली बॅटरी चार्जच होईना. पत्र्याच्या संपर्कांवर हिरवट थर आला होता. कोरड्या टूथब्रशने घासला आणि चालू झाली. तेव्हापासून पेटीत बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकते. महिनाभर वापरायची नसेल तर बॅटरी साधारण निम्मी भरून ठेवते.

पेटीसोबत आलेले बिट पहिल्या महिन्यातच बाजूला टाकले. अधिकच्या खुणेच्या स्क्रूंचा पीएच २ चा बिट मऊ निघाला, त्याची धार गेली आणि स्क्रूची डोकी गोल व्हायला लागली. चांगल्या पोलादाचे चार पीएच २ बिट, ३, ४ आणि ५ एमएमचे एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिट, लाकडासाठी टोकदार बिट आणि लाल गिट्ट्यांचं पाकीट, एवढं वेगळं घ्या. मशीनवर खर्च करून बिटवर काटकसर करू नका. चष्मा हवाच. ओढणी काढून ठेवायची, बांगड्या उतरवायच्या, केस बांधायचे, आणि ड्रिल फिरत असताना कापडी हातमोजे घालायचे नाहीत, ते बिटमध्ये गुंडाळतात. भोकाखाली जुन्या लग्नपत्रिकेचं पाकीट चिकटपट्टीने उघडं लावलं की सगळा भुगा त्यात पडतो आणि नंतर झाडू घ्यावा लागत नाही.

इम्पॅक्ट ड्रायव्हरचा आवाज फार मोठा आहे, बंद खोलीत कान दुखतात. आमच्या सोसायटीत दुपारी दोन ते चार काम बंद असतं, ते मी पाळतेच, पण सकाळीही खालच्या मजल्यावर लहान बाळ आहे म्हणून आधी विचारून घेते.

भाड्याने आणलेला तो वायरचा हॅमर परत केला, पण आमच्या मजल्यावरच्या चारही घरांना त्याची गरज होती. म्हणून वर्गणी काढून २ किलो वजनाच्या वर्गातला एक विकत घेतला. सोबत ६, ८ आणि १० एमएमचे एसडीएस बिट. तो आळीपाळीने घरोघरी राहतो. सध्या समोरच्या काकूंकडे आहे. त्यांचा गीझर या रविवारी लावायचाय, चार फास्टनरची भोकं आहेत. टाइल्सवर आधी हॅमर बंद ठेवून टाइलच्या बिटने सावकाश आत जायचं आणि काँक्रीट लागलं की मगच हॅमर, हे मी त्यांना लिहून दिलंय. टाइलचे बिट घेऊन दहा वाजता त्यांच्याकडे जाणार आहे.