हळदीच्या ड्रायरचे डँपर बदलले: हंगाम आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

कुपवाड एमआयडीसीत आमचं हळदीच्या चकत्या वाळवायचं युनिट आहे. हळद संपली की त्याच ड्रायरवर आलं, शेवग्याचा पाला, कांदा चालतो. ब्रिकेटची भट्टी, हीट एक्स्चेंजर, ब्लोअर आणि हवेच्या वाटेवर, म्हणजे डक्टमध्ये, तीन डँपर (पाती फिरवून हवा कमी-जास्त करायची साधनं): एक ताजी हवा आत घेणारा, एक दमट हवा बाहेर सोडणारा म्हणजे एक्झॉस्टचा आणि एक तीच गरम हवा पुन्हा फिरवणारा. हंगामाच्या तोंडावर तिन्ही नवे बसवले. आता हळद, पावसाळा, कांदा सगळं त्यांच्यावरून गेलंय.

डँपर घेताना सगळे पत्र्याचा गेज आणि मोटरची कंपनी विचारतात. पण डँपर बिघडतो तो बुश (पातीचा शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी), लिव्हर आणि स्क्रूपाशी. तिथं पैसे घाला, असं माझं ठाम मत झालंय.

ड्रायरसोबत आलेल्या जुन्या डँपरमध्ये हँडल गोल शाफ्टवर एका ग्रब स्क्रूनं धरलेलं होतं. ब्लोअरच्या थरथरीनं स्क्रू ढिला व्हायचा. हँडल बंद दाखवायचं आणि आत पाती अर्धी उघडी. ब्रिकेट जळत राहायचं, माल वाळायचा नाही आणि बोल भट्टीवाल्याला बसायचे. नव्या डँपरला शाफ्टचं टोक चौकोनी करून घेतलं, वर यू-बोल्टचा क्लॅम्प लावला आणि टोकावर पातीच्या दिशेनं हॅक्सॉनं खाच मारली. खाच आडवी तर पाती आडवी. रात्रपाळीचा नवा पोरगाही डक्ट न उघडता सांगतो. लिंकेजच्या, म्हणजे पाती फिरवणाऱ्या दांड्यांच्या, प्रत्येक जोडाला चेक-नट (पहिला नट सुटू नये म्हणून वर आवळायचा दुसरा नट) घ्याच, नुसत्या वायसरवर भागत नाही.

बुशचं म्हणाल तर ताज्या हवेच्या बाजूला नायलॉन उत्तम चाललाय. फिरत्या हवेच्या डँपरला मात्र तो नको. माल 60 अंशांच्या आसपास वाळतो हे खरं, पण लाईट गेली, ब्लोअर थांबला की एक्स्चेंजरची धग उलटी त्या डँपरवर येते. जुने नायलॉनचे बुश तिथंच लांबोळे झाले होते. आता गनमेटलचे (तांब्याच्या मिश्रधातूचे) आहेत, इथंच लेथवर करून घेतलेले. त्यांना ग्रीस लावत नाही. हळदीची भुकटी ग्रीसमध्ये बसली की तिचा लुकण होतो. सुकी ग्रॅफाइट पावडर पुरते.

पातीच्या कडेला गरम बाजूला सिलिकॉनची पट्टी घेतली, ती 200 अंशांपर्यंत टिकते. ताज्या हवेला साधी ईपीडीएम रबराची चालते. एक्झॉस्टची पाती शेजारच्या पातीच्या उलट दिशेनं फिरणारी घेतली. सुरुवातीला ओल भरपूर असते तेव्हा एक्झॉस्ट पूर्ण उघडा लागतो, नंतर थोडा थोडा मिटत आणायचा असतो, आणि ते मिटवणं या रचनेत जास्त काबूत राहतं. फक्त उघड-बंद करायचं असेल तिथं एकाच दिशेनं फिरणाऱ्या पात्या पुरेशा आहेत.

मोटरबद्दल. कॅटलॉगप्रमाणे 5 न्यूटन-मीटरची मोटर साधारण 1 चौरस मीटरचा डँपर फिरवते. आमचा 600 बाय 600 मिलीमीटरचा, म्हणजे त्याहून बराच लहान. तरी 10 ची घेतली, कारण घट्ट पट्टी आणि भुकटी मिळून पाती जड होते. एक्झॉस्टला आणि ताज्या हवेला स्प्रिंग रिटर्न, म्हणजे लाईट गेली की स्प्रिंगनं पाती फिरवणारी मोटर, घेतलं. लाईट गेली तरी भट्टी जळतच असते, तेव्हा दोन्ही आपोआप उघडले पाहिजेत, म्हणजे धग निघून जाते. किंमत चांगलीच वाढते, पण एक्स्चेंजरचा पत्रा जळण्यापेक्षा स्वस्त. अशा बहुतेक मोटरींना भोवतीची हवा 50 अंशांपर्यंतच चालते, म्हणून शाफ्ट लांब करून मोटर डक्टपासून दूर ब्रॅकेटवर बसवली. उन्हाळ्यात त्रास झाला नाही.

पावसाळ्यात एक्झॉस्टमध्ये पाणी सुटतं. तिथला शाफ्ट आणि स्क्रू एस.एस. 304 (स्टेनलेस स्टील) चे आहेत, एकही गंजला नाही. शेजारच्या फ्रेमला फॅब्रिकेटरनं जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) स्क्रू मारले होते, त्यांच्याभोवती लाल डाग आलेत.

कांद्यानं मात्र सतावलं. त्याचा चिकटा सिलिकॉनच्या पट्टीवर जमतो आणि बंद पाती सुटताना मोटर कण्हते. कांद्याची पाळी संपली की गरम पाण्याचं फडकं फिरवावं लागतं. त्यासाठी डक्टला हात जाईल एवढी झडप आधीच ठेवून घ्या, नंतर पत्रा कापायला मिस्त्री वेळेवर मिळत नाही.