कढईपासून काचेपर्यंत: जुन्या सहा नंबरच्या रस्त्यावर गाडीत बसून खाणं

अमरावतीहून नागपूरला जाणारा हा रस्ता आता कागदोपत्री राष्ट्रीय महामार्ग 53 झाला, तरी ट्रकवाले अजून त्याला सहा नंबरच म्हणतात. तिवसा, तळेगाव, कारंजा घाडगे, कोंढाळी, बाजारगाव या पट्ट्यातल्या काही टपऱ्यांवर आणि धाब्यांवर गाडीतून न उतरता खायची जुनी सोय टिकून आहे. कडुनिंबाखाली गाडी लावायची, एकदा दिवा मारायचा, पोऱ्या येऊन विचारून जातो. सारखा हॉर्न वाजवला तर मात्र मुद्दाम उशीर होतो.

अमेरिकेत ही पद्धत 1921 मध्ये टेक्सासातल्या डॅलस शहरात 'पिग स्टँड'ने सुरू केली. तिथे अर्धवट उतरवलेल्या काचेवर ट्रे अडकवत. चेन्नईत 1962 ते 2008 पर्यंत वूडलँड्स ड्राइव्ह-इन चाललं. आपल्याकडे ट्रे नाही. दाराशी एक प्लास्टिकचं स्टूल येतं, त्यावर स्टीलची थाळी आणि पळसाचे द्रोण. हे बरंच म्हणायचं, कारण आताच्या गाड्यांच्या वाकड्या काचांवर वजन टांगण्यात शहाणपण नाही.

या सेवेचं सगळं गणित कढईपासून काचेपर्यंतच्या दोन-तीन मिनिटांवर आहे. तेवढ्यात जो पदार्थ बिघडत नाही तोच गाडीत मागवावा. जुन्या यादीत असेच पदार्थ होते. मॅकडोनाल्ड बंधूंनी 1948 मध्ये गाडीपर्यंत वाढणं बंद केलं आणि पंचवीसेक पदार्थांची यादी नऊवर आणली. आपल्या धाब्यांनी वाढणं चालू ठेवलं आणि यादी मात्र पनीर-मंचुरियनपर्यंत फुगवली. आज मिळणारं निम्मं वाईट खाणं या फुगवट्यातून येतं. तंदुरी रोटी फॉइलमध्ये गुंडाळून गाडीपर्यंत आणली की स्वतःच्याच वाफेने चिवट होते. शेवभाजीतली शेव वाटेतच फुगते. सावजी रस्सा गाडीत मागवणाऱ्याला सीट कव्हर धुवायची हौस असावी, तो टेबलावर बसूनच खावा.

मुंगवडे या रस्त्यावरचा सगळ्यात भरवशाचा पदार्थ. छिलक्याची मूगडाळ चार-पाच तास भिजवून, निम्मी सालं धुऊन काढून, पाणी न घालता जाडसर वाटलेली हवी. आलं, लसूण, हिरवी मिरची, जिरं, सांबार (म्हणजे कोथिंबीर) एवढंच त्यात जातं. मीठ शेवटी, घाणा सोडायच्या आधी, नाहीतर डाळ पाणी सोडते आणि वडा तेल पितो. सोडा घातला तरी तेच होतं. चांगला गडी वडे आधी मध्यम आचेवर अर्धे तळून ठेवतो आणि गिऱ्हाईक आलं की कडक तेलात पुन्हा सोडतो. दुसऱ्या तळणीत उरलेला ओलावा जातो, म्हणून दहा मिनिटांनीही वडा कुरकुरीत लागतो. वडा फोडून पाहा: आत दाणा दिसला पाहिजे, पीठ नाही. सोबत तळलेली मिरची आणि पातळ कढी. कढी द्रोणात न घेता ग्लासात घ्या.

आलुबोंड्याला हाच दुहेरी तळणीचा नियम लावला की घात होतो. आतलं बटाट्याचं सारण दुसऱ्यांदा तापलं की वाफ धरतं, बेसनाचं कवच तडकतं आणि त्या भेगेतून तेल आत शिरतं. म्हणून थाळीत रचून ठेवलेला बोंडा गरम करून देतो म्हणाला तर नको म्हणा, पुढचा घाणा कधी निघणार ते विचारा. रश्श्यात बुडवलेला आलुबोंडा ही विदर्भाची खरी चीज, पण गाडीत रस्सा वेगळाच घ्यावा.

तर्री पोह्याचंही तसंच. "भाऊ, तर्री अलग देजो," हे एक वाक्य पाठ असलं की निम्मं काम झालं. वरून ओतून आणलेले पोहे गाडीपर्यंत येईस्तोवर लगदा होतात, त्यातही पोहे पातळ असले तर संपलंच. जाड पोहे धुऊन निथळलेले, हळद बेताची, वर कच्चा कांदा, शेव आणि लिंबू. तर्री म्हणजे हरभऱ्याचा पातळ, झणझणीत रस्सा आणि त्यावरचा लाल तवंग. सुक्या खोबऱ्याचं आणि कांदा-लसणाचं वाटण तेल सुटेपर्यंत परतलं नसेल तर कच्च्या मसाल्याचा वास लगेच येतो. सकाळी नऊच्या आत जा. नंतर भांड्यात गरम पाणी पडत राहतं, वरचा तवंग वाटून संपतो आणि तळाशी नुसते हरभरे उरतात.

पळसाचा द्रोण शिवणीतून हळूहळू झिरपतो, तेव्हा रश्श्यासाठी दोन एकात एक मागा. तळणीचं काही वर्तमानपत्रात आणलं तर परत पाठवायला लाजू नका. छपाईची शाई गरम तेलात उतरते आणि अन्नसुरक्षेच्या नियमांतही ते बसत नाही. जुन्या सेवेच्या आठवणी काढणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात: गाड्यांमागे धावणारा तो चपळ 'छोटू' बहुतेकदा शाळेच्या वयाचा असायचा. धाब्यांवर आणि हॉटेलांत चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे. वाढणारे मोठे झाले म्हणून सेवा थोडी संथ झाली असेल, तर ती संथच बरी.

एप्रिल-मेमध्ये दुपारी हा प्रकार करू नये. पारा पंचेचाळिशीला टेकतो, इंजिन बंद ठेवून बसवत नाही आणि एसीसाठी चालू ठेवलं तर तासाला लिटरभर तेल जातं. सकाळी लवकर किंवा दिवेलागणीनंतर थांबा.

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 ला खुला झाल्यापासून मुंबईकडच्या बऱ्याच गाड्या तिकडे वळल्या. तिथे वाटेत कुठेही गाडी बाजूला लावून खाता येत नाही, ठरलेल्या जागीच थांबावं लागतं. इकडच्या टपऱ्यांना याचा फटका बसला. खाणाऱ्याने एवढंच बघावं की गिऱ्हाईक कमी असलेल्या जागी तेल जास्त दिवस चालवलं जातं. कढईत फेस टिकून राहत असेल, तेल काळपट आणि घट्ट दिसत असेल, तर चहा पिऊन पुढे निघा.

कारंजा-कोंढाळीकडे संत्र्याचा रस घ्यायचाच. आंबिया बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाची फेब्रुवारी ते एप्रिल. मिक्सरमध्ये फिरवलेला रस टाळा, बिया फुटल्या की कडवटपणा उतरतो. हातयंत्रावर डोळ्यांदेखत पिळून घ्या आणि लगेच प्या. नागपुरी संत्र्याचा रस नुसता ठेवला तरी कडू होत जातो, त्यामुळे घरी न्यायला बाटलीत भरून मागू नका, पिशवीभर फळंच घ्या.